इकडचे येणे आणि तिकडचे देणे



वसंत ऋतूतल्या संध्याकाळी, वारा सुटलेला असताना, कराविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. त्यातून तो कर आपला नव्हे, सात समुद्रांपलीकडच्या अमेरिकेचा. परंतु आपल्या गावात आता असे घर शोधावे लागेल की ज्यातला मुलगा, मुलगी, भाचा, निदान शेजारी तरी तिकडे नाही. दर वर्षी फेब्रुवारी-मार्च महिन्यांत या घरांतून एकच प्रश्न आमच्याकडे येतो. तिकडचा मुलगा आईला फोनवर सांगतो की, "आई, फेडरलकडून चोवीसशे डॉलर परत येणार आहेत, पण राज्याला साडेसातशे द्यावयाचे निघाले." आई आम्हांला विचारते, "मग काय झाले? सरकारने सरकारशी बघून घ्यावे. चोवीसशेतून साडेसातशे वळते करावेत आणि उरलेले आमच्या मुलाला द्यावेत."

या माउलीचा हिशेब किराणा दुकानातला आहे आणि किराणा दुकानात तो बिनचूकही आहे. पण अमेरिकेत तो लागू पडत नाही. फेडरल सरकारकडून, म्हणजे वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती सरकारकडून येणारा परतावा राज्याच्या देण्यात आपोआप वळता होत नाही. तो यावयाचा आहे म्हणून राज्य थांबतही नाही. राज्याचे देणे राज्याच्या तारखेला भरावे लागते. असे का, आणि मग सामान्य पगारदाराने करावे काय, हे आज पाहू.

हे दोन खजिने आहेत, ही गोष्ट प्रथम मनात पक्की ठसविली पाहिजे. आपल्याकडे शेतीखेरीज अन्य प्राप्तीवर कर बसविण्याचा अधिकार घटनेने केंद्राकडेच ठेवला आहे. केंद्र तो गोळा करते आणि वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे राज्यांना वाटा देते. पगारपत्रकावर महाराष्ट्र सरकारचा म्हणून जो व्यवसायकर दिसतो तो १९७५ च्या कायद्याचा, आणि घटनेने त्याला वर्षाला अडीच हजार रुपयांची वेसण घातली आहे. म्हणून आपल्याला 'राज्याचा प्राप्तिकर' हे शब्दच कानाला नवे वाटतात. अमेरिकेत तसे नाही. तेथे राज्ये आधी झाली आणि संघराज्य त्यांनी मागाहून बनविले. करांच्या बाबतीत एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये यावरून १८१९ सालीच तेथे मोठा खटला गाजला. मेरीलँड राज्याने संघराज्याच्या बँकेवर कर बसविला होता, आणि सरन्यायाधीश मार्शल यांच्या न्यायालयाने तो रद्द ठरविला. प्राप्तिकराच्या बाबतीत तर आजच्या धर्तीचा, नीट चाललेला कर एका राज्याने आधी बसविला. विस्कॉन्सिनचा कायदा १९११ चा. संघराज्याच्या प्राप्तिकराला वाट मोकळी करून देणारी सोळावी घटनादुरुस्ती १९१३ ची. आज बहुतेक राज्यांत हा कर आहे. टेक्सास, फ्लोरिडा, नेव्हाडा अशा थोड्या राज्यांत पगारावर तो नाही. ह्यूस्टनचा पुतण्या सुखी आणि सॅन होजेची भाची हवालदिल, याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

आता परतावा म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, परतावा म्हणजे सरकारने खूश होऊन दिलेली दिवाळीची पोस्त. वास्तविक तो आपलाच पैसा असतो. १९४३ पूर्वी अमेरिकन माणूस या वर्षाच्या कमाईवरील कर पुढल्या वर्षी, तिमाही हप्त्यांनी भरत असे. महायुद्धाने कर वाढविले, कर देणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली, आणि वर्षअखेरीस कामगाराच्या हाती शिल्लक उरेना. (त्या दिवसांत, १९४२ साली, लोकांनी वेळेवर कर भरावा म्हणून तेथील सरकारने डिस्नेकडून डोनाल्ड डकचा एक बोलपट काढून घेतला होता! बदकाकडून कर भरण्याचा उपदेश ऐकावा लागणे, ही त्या काळच्या अमेरिकन माणसाची अवस्था.) तेव्हा बीअर्डस्ली रमल नावाच्या गृहस्थांनी 'कमवाल तसे भरा' ही योजना लावून धरली. हे मेसी या प्रसिद्ध दुकानाचे खजिनदार आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष. १९४३ च्या कायद्याने पगारातूनच कर कापून घेण्यास सुरुवात झाली. ती व्यवस्था बसविण्याच्या कामात त्या वेळी अर्थखात्यात असलेले मिल्टन फ्रीडमन यांचाही हात होता. पुढे याच फ्रीडमन यांना सरकार वाढविणारे ते यंत्र आपण उभारले याची खंत वाटली.

पगारातून कापलेली रक्कम अंदाजाची असते. अंदाज जास्त झाला की परतावा, कमी झाला की देणे. अलीकडच्या वर्षांत तेथील सरासरी फेडरल परतावा तीन हजार डॉलरांच्या वर गेला आहे. याचा अर्थ इतकाच की, सामान्य कुटुंब सरकारला वर्षभर तेवढी रक्कम बिनव्याजी वापरू देते. आणि बिनव्याजी म्हणजे अगदी बिनव्याजी. भरण्याच्या शेवटल्या तारखेपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत परतावा दिला तर सरकार त्यावर एक सेंटही व्याज देत नाही. आपण एक दिवस उशीर केला तर मात्र व्याज त्याच दिवसापासून.

मग एकाच घरात, एकाच पगारावर, वॉशिंग्टनकडून येणे आणि राज्याला देणे, असे उलटसुलट कसे होते? कारण कापाकापीही दोन वेगळ्या कागदांवरून चालते. फेडरल कपात डब्ल्यू-४ या फॉर्मावरून. कॅलिफोर्नियाची डीई-४ वरून, न्यूयॉर्कची आणखी तिसऱ्याच. नोकरी लागली त्या दिवशी घाईघाईने भरलेला कागद नंतर कोणी उघडून पाहत नाही. लग्न होते, दोघेही कमावू लागतात, आणि दोघांच्याही कागदांवर सवलती मागितलेल्या तशाच राहतात. पुढे मूल होते. प्रत्येक मुलामागे फेडरल करात २०२५ सालापासून २,२०० डॉलरांपर्यंत सूट आहे. कॅलिफोर्नियात अवलंबितांसाठी मिळणारी सूट त्या मानाने फारच लहान. बाळाने वॉशिंग्टनकडून परतावा आणला, राज्याने बाळाकडे फारसे पाहिले नाही, असे होते. आरोग्यखर्चासाठी साठविण्याच्या ज्या खात्याला फेडरल कायदा करमुक्त मानतो त्याच खात्यातली रक्कम कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्ये करपात्र धरतात.

आणि आपल्या लोकांच्या बाबतीत एक कारण खास आहे, त्यावर थोडे थांबतो. मुलाने इथल्या बँकेत अनिवासी खात्यावर ठेव ठेवलेली असते. वडिलांचे घर विकले, त्याच्या वाट्याचे पैसे तेथे पडले, असे काहीतरी. अमेरिकेत राहणाऱ्याला जगात कोठेही मिळालेले व्याज तेथे दाखवावे लागते. ज्या खात्यावर आपल्या सरकारने व्याजातून कर कापला असेल त्या कराची वजावट फेडरल सरकार देते. भारत आणि अमेरिका यांच्यात एकाच प्राप्तीवर दोनदा कर लागू नये म्हणून १९८९ साली झालेला करारही आहे. म्हणून मुलगा निश्चिंत असतो. पण तो करार वॉशिंग्टनच्या कराला लागू आहे, राज्यांच्या करांना नाही. कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या कराची वजावट देतच नाही. समजा, त्याला इकडे आठ हजार डॉलरांएवढे व्याज मिळाले आणि त्याची कमाई राज्याच्या शेकडा ९.३ च्या पायरीत बसते. आठ हजारांवर ७४४ डॉलर झाले. पुण्यात कर कापला गेला, वॉशिंग्टनने तो मान्य केला, आणि सॅक्रामेंटोचे बिल जसेच्या तसे हातात आले. वरची माउली ज्या साडेसातशेंविषयी विचारीत होती ते पुष्कळदा हेच असतात. ज्या खात्याचे व्याज इकडे करमुक्त आहे ते तिकडे मात्र दोन्हीकडे करपात्र असते, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे. इकडे बसलेल्या आईवडिलांनी बँकेचा वर्षाचा व्याजाचा दाखला जानेवारीतच मुलाकडे पाठविला तर निम्मा घोटाळा जागच्या जागी मिटतो.

आता तारखांकडे वळू. फेडरल विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत द्यावयाचे, ही तारीख १९५५ पासून चालत आली आहे. तत्पूर्वी ती १५ मार्च होती. बहुतेक राज्यांनी तीच तारीख घेतली आहे, पण सर्वांनी नव्हे. हवाईची २० एप्रिल, डेलावेअर व आयोवा यांची ३० एप्रिल, व्हर्जिनियाची १ मे, लुइझियानाची १५ मे. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. महामारीच्या वर्षी, २०२० मध्ये, हे फार ठळक दिसले. वॉशिंग्टनने मुदत १५ जुलैपर्यंत वाढविली आणि लोकांनी मान टाकली; पण आयडाहोने आपली मुदत १५ जूनच ठेवली, आणि व्हर्जिनियात भरणा १ जूनपर्यंत करावयाचा होता. त्याच वर्षी कागदी विवरणपत्रांच्या पिशव्या फेडरल करखात्याच्या आवारात ट्रेलरच्या ट्रेलर भरून न उघडता पडल्या होत्या. ज्यांनी कागदावर हिशेब पाठविला होता त्यांचा परतावा महिनोन्‌महिने अडकला, आणि तो आला की राज्याचे देऊ असे म्हणून बसलेल्यांचे काय झाले असेल ते सांगावयास नको. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी परताव्यावरूनच केली असावी असे आम्हांला कधी कधी वाटते.

साधारण दिवसांत मात्र काम सोपे आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्रांतून विवरणपत्र पाठविले आणि परतावा थेट बँकेत मागितला तर बहुतेकांना तो एकवीस दिवसांच्या आत मिळतो. कागदाने पाठविला तर कितीतरी अधिक लागतात. आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरपासून कागदी धनादेश बंद करीत आणण्याचे धोरणही तेथील सरकारने स्वीकारले आहे, तेव्हा बँकेचा खातेक्रमांक नीट लिहिणे आले. थोड्या प्राप्तीच्या कुटुंबांना मिळणाऱ्या दोन विशेष सवलती ज्यांनी मागितल्या असतील त्यांना २०१५ च्या एका कायद्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी परतावा देताच येत नाही. मालकाकडून पगाराचा दाखला ३१ जानेवारीपर्यंत मिळावयास हवा. म्हणजे ज्याचा हिशेब सरळ आहे त्याने फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तो पाठवावा. मार्च उजाडता उजाडता पैसे बँकेत येण्याची चांगली शक्यता असते.

येथे एक बारीक गोष्ट आहे, जी ठाऊक नसल्यामुळे शहाणीसुरती माणसेही उशीर करतात. राज्याला देणे निघाले म्हणून ती विवरणपत्रच एप्रिलपर्यंत दडवून ठेवतात. "आत्ता दाखविले तर आत्ता भरावे लागेल" अशी भीती. तसे नाही. विवरणपत्र फेब्रुवारीत द्यावे आणि पैसे १५ एप्रिललाच खात्यातून जावेत अशी तारीख घालून ठेवावी. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत ही सोय आहे. मार्चमध्ये परतावा आला, एप्रिलमध्ये राज्याचे गेले. आईला हवी होती ती वळतावळत झाली; फक्त ती दोन सरकारांनी न करता मुलाने स्वतःच्या बँकखात्यात केली. राज्याचे विवरणपत्र फेडरलच्या आकड्यांवर उभे असते हे खरे, म्हणून फेडरल हिशेब आधी पुरा करावा लागतो. पण आकडे मिळाले की झाले. पैशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि एवढे करूनही परतावा आला नाही तर? कधी नावातल्या अक्षरासाठी, कधी ओळख पटविण्यासाठी पत्र येते आणि आठवड्यांमागून आठवडे जातात. अशा वेळी १५ एप्रिल आली तर राज्याचे देणे बचतीतून भरावे. बचत नसेल तर जेवढे जमेल तेवढे भरावे, पण विवरणपत्र मात्र वेळेवर द्यावेच. कारण न देण्याचा दंड आणि न भरण्याचा दंड हे वेगळे असतात, आणि पहिला फार जड. न्यूयॉर्कमध्ये विवरणपत्र न दिल्याचा दंड दरमहा शेकडा पाच, पैसे न भरल्याचा दरमहा शेकडा अर्धा. कॅलिफोर्नियात उशिरा भरल्याबद्दल थकलेल्या कराच्या शेकडा पाच एकदम आणि वर दरमहा शेकडा अर्धा. आपल्या ७४४ डॉलरांचाच हिशेब करा. तीन महिने थांबल्यास ३७.२० अधिक ११.१६, म्हणजे ४८ डॉलर ३६ सेंट, आणि व्याज निराळे. रक्कम बुडविणारी नव्हे. पण चोवीसशे डॉलर ज्याचे येणे आहे त्याने ती का भरावी? मुदतवाढ मागितली आहे, असे काहीजण सांगतात. ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मिळतेही. कॅलिफोर्नियात तर मागावीही लागत नाही. पण ती विवरणपत्राची असते, पैशाची नव्हे.

हप्त्यांची सोय राज्ये देतात. थोडे शुल्क आणि व्याज पडते, लाज वाटण्याचे कारण नाही. पतपत्रावर, म्हणजे क्रेडिट कार्डावर भरावयाचे तर मधला दलाल आपली टक्केवारी कापतो आणि पुढे कार्डाचे व्याज लागले तर राज्याचा दंड परवडला असे म्हणावयाची पाळी येते. तेथे करहिशेब करून देणारी दुकाने परताव्यावर आगाऊ उचलही देतात. एके काळी या उचलीवर गरिबांकडून भयंकर व्याज उकळले जाई. बँकांवर देखरेख करणाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास त्या प्रकाराला बराच आळा घातला. आजच्या उचलीवर पुष्कळदा व्याज नसते, तथापि दुकानाची फी कोठेतरी असतेच. ती वाचावी आणि मग सही करावी.

देणे दर वर्षी निघत असेल तर मुळावर घाव घालावा. मालकाकडे राज्याचा कपातीचा कागद नवा भरून द्यावा, किंवा वर्षात चार वेळा अंदाजी कर भरावा. कॅलिफोर्नियात पाचशे डॉलर वा अधिक देणे निघाले आणि वर्षभरातली कपात ठरल्या प्रमाणाला पोचली नसेल तर तारखेला सगळे भरूनही वेगळा दंड बसू शकतो. आमचे मत असे की, फेडरल कपात थोडी कमी करून तेवढीच राज्याची वाढवावी. हातात येणारा पगार तोच राहतो.

आता शेवटचा भाग, आणि त्यात आमची थोडी तक्रार आहे. सुरुवातीला आम्ही म्हटले की दोन्ही सरकारे आपले हिशेब एकमेकांत मिसळीत नाहीत. ते चोख देणेकऱ्याच्या बाबतीत खरे आहे. थकबाकीदाराच्या बाबतीत मिसळतात! १९९८ च्या कायद्यान्वये, २००० सालापासून, राज्याची जुनी, कायम झालेली प्राप्तिकराची बाकी फेडरल परताव्यातून कापून राज्याकडे पाठविता येते. राज्याने त्याआधी किमान साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि विवरणपत्रावरचा पत्ता त्याच राज्यातला असावा लागतो. उलट बाजूने राज्याचा परतावा फेडरल बाकीपोटी जप्त होतो. मुलांच्या पोटगीची बाकी, फेडरल खात्यांची अन्य देणी यांचा नंबर तर राज्याच्या कराच्याही आधी लागतो. यंत्रणा आहे, दोन्ही खजिन्यांना जोडणारी नळी आहे. पण ती सरकारच्या सोयीने उघडते. फेडरल फॉर्मावर परतावा तीन बँकखात्यांत वाटून मागता येतो, 'यातले एवढे माझ्या राज्याला द्या' असा रकाना मात्र नाही.

खजिने वेगळे असावेत हे आम्हांला मान्य आहे. राज्यांना नोटा छापता येत नाहीत, त्यांपैकी जवळजवळ सर्वांना अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे बंधन आहे, आणि एप्रिलचा भरणा हा त्यांच्या वर्षाचा मोठा आधार असतो. वॉशिंग्टनच्या कचेरीतल्या दिरंगाईवर त्यांनी शाळा आणि रस्ते कसे सोपवावेत? पण थकल्यावर जे करता येते ते, माणूस स्वखुशीने मागत असेल तर, थकण्यापूर्वी का करता येऊ नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला अद्याप कोणी दिलेले नाही.

या नळीचा त्रास कधी कधी निरपराध माणसाला होतो. नवऱ्याची लग्नापूर्वीची राज्याची बाकी असते. लग्नानंतर दोघे मिळून विवरणपत्र देतात. आणि बायकोच्या पगारातून कापलेल्या कराचा परतावाही नवऱ्याच्या जुन्या देण्यात जातो. आपल्या एखाद्या मुलीवर असा प्रसंग आला तर तिने ८३७९ क्रमांकाचा फॉर्म भरून आपला वाटा परत मागावा. तो विवरणपत्राबरोबरही देता येतो आणि पैसे कापले गेल्यावर स्वतंत्रपणेही पाठविता येतो. कॅलिफोर्निया, टेक्सास अशा काही राज्यांत नवराबायकोची कमाई सामाईक मानतात, तेथे वाटा किती मिळेल हे त्या राज्याच्या कायद्यावर ठरते. म्हणून फॉर्म भरण्यापूर्वी तेथल्या जाणत्या हिशेबनिसाला एकदा विचारून घ्यावे.